कंबरदुखीवर पीआरपी इंजेक्शन : कुणी घेतलंय का? (कोल्हापूर)

उद्यमनगरकर
नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. वय ४६. कंबरदुखी जुनीच, पण गेल्या पावसाळ्यापासून लई वाढलीय. सकाळी उठताना कंबर धरलेली असते, जरा चाललं की मोकळी होते. मशीनसमोर तासभर उभं राहिलं की उजवीकडं खाली ठणका सुरू. मोटरसायकलवरून शिरोली एमआयडीसीला जाऊन आलो की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. पायाला मुंग्या नाहीत, पाय जड पडत नाही.

गोळ्या झाल्या, शेक झाला, निरगुडीचा पाला झाला, पट्टा तर कायम असतोच. गावाकडं आजीनं पायाळू माणसाची लाथसुद्धा खायला लावली. एमआरआयमध्ये आलंय की एल४-एल५ आणि एल५-एस१ या मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्या (डिस्क) सुकल्यात आणि जरा फुगल्यात. आता एका डॉक्टरांनी सांगितलं, तुमचंच रक्त काढून त्यातलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) दाट केलेला भाग, गादीत सोडू, गादी परत भरून येईल, ऑपरेशन टळेल. एका इंजेक्शनचे पंचवीस हजार, आणि दोन-तीन तरी लागतील म्हणे.

कुणी घेतलंय का? गुण येतो का? घरात दोन मतं आहेत, म्हणून इथं विचारतोय.

पांढरारस्सा
लाथ कुणी मारली त्याचा पत्ता द्या आधी. पंचवीस हजार वाचतील.

लालमाती
भावा, बिनधास्त घे. मी तालमीतला माणूस. डाव टाकताना कंबर लचकली ती वर्षभर काही सरळ होईना. पुण्यात जाऊन पीआरपी घेतलं. पहिला आठवडा दुखणं उलट वाढलं, शिव्या घातल्या मी. पण दोन-अडीच महिन्यांनी बैठका मारायला लागलो. आपलंच रक्त आपल्याला, त्यात काय वाईट होणार? औषधंच नाहीत त्यात.

फिजिओ_शाहूपुरी
लालमाती दादा, गुण आला हे छानच झालं. पण इंजेक्शन नक्की कुठं दिलं होतं? गादीत, मागच्या बारीक सांध्यात, एसआय जॉइंटमध्ये, म्हणजे कमरेच्या खळीजवळच्या सांध्यात, की नुसतं स्नायूत? आणि त्या दोन-अडीच महिन्यांत व्यायाम चालू होता का?

लालमाती
खाली बाजूला दिलं होतं, कमरेच्या खळीजवळ. टीव्हीसारख्या मशीनवर बघत देत होते. व्यायाम तर होताच की, त्यांनीच लावून दिला होता. वस्ताद रोज करून घ्यायचे.

फिजिओ_शाहूपुरी
म्हणजे तुम्हाला एसआय जॉइंटमध्ये दिलेलं दिसतंय आणि धाग्यातल्या दादांना गादीत देणार आहेत. दोन्हीला पीआरपीच म्हणतात, पण उपचार म्हणून हे दोन वेगळे प्रकार आहेत. धोकेही वेगळे, आतापर्यंतचे पुरावेही वेगळे.

उद्यमनगरकर दादा, काही प्रश्न विचारते. दुखतंय ती जागा एका बोटानं दाखवता येते का? खुर्चीतून उठताना, जिना चढताना, त्या कुशीवर झोपल्यावर जास्त होतं का? खोकला-शिंक आल्यावर कळ येते का? आणि सकाळची कंबर किती वेळ धरलेली राहते?

उद्यमनगरकर
ताई, बोट बरोबर ठेवता येतं. उजवीकडं, पट्ट्याच्या खाली, खळी असते तिथंच. खुर्चीतून उठताना होतं, गाडीवर पाय टाकताना तर हमखास. खोकल्यानं काही नाही. सकाळी दहा मिनिटांत सुटते.

फिजिओ_शाहूपुरी
दहा मिनिटं हे ऐकून बरं वाटलं. अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली राहत असती, विश्रांतीनं वाढून हालचालीनं कमी होत असती आणि दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालेलं असतं, तर आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडं जा म्हटलं असतं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, अशीच येते आणि तिथं गादीत काही टोचून उपयोग नाही.

तुमच्या वर्णनावरून मला गादीपेक्षा एसआय जॉइंटचा संशय जास्त येतोय. मणक्याच्या तळाचं तिकोनी हाड आणि कमरेचं रुंद हाड जिथं जुळतात तो हा सांधा. ऑनलाइन निदान होत नसतं, हे लक्षात ठेवा. पण तपासणाऱ्यानं तुम्हाला टेबलावर झोपवून मांडी दाबून, कुशीवर दाब देऊन, एक पाय टेबलाखाली सोडून बघितलं का? अशा पाच-सहा चाचण्या असतात. त्यातल्या तीन किंवा जास्त चाचण्यांत तुमचं नेहमीचंच दुखणं जागं झालं, तर संशय पक्का होतो. मग सांध्यात भुलीचं औषध टाकून बघतात. काही तास दुखणं जवळजवळ गेलं तर जागा सापडली.

उद्यमनगरकर
नाही ताई. एमआरआय लाइटवर धरला, पाय सरळ वर उचलून बघितला, बास. पण एमआरआयमध्ये गाद्या सुकलेल्या स्पष्ट दिसतायत की. मग ते काय?

कागदोपत्री
त्याचं उत्तर मी देतो, वाचनाचा नाद आहे म्हणून. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांचे स्कॅन त्यात एकत्र केले होते. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि निम्म्या लोकांच्या फुगलेल्या. दुखत कुणालाच नव्हतं. बिंदू चौकात उभं राहून चाळिशीच्या धडधाकट माणसांना धरून एमआरआय काढला, तर बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये तुमच्यासारखंच वाक्य निघेल. एमआरआय खोटं बोलत नाही, पण त्यात दिसलं तेच दुखतंय असा अर्थ काढायला आधी माणूस तपासावा लागतो.

रक्तपेढीतला
वाचत होतो, आता राहवत नाही. रक्तपेढीत टेक्निशियन आहे, त्यामुळं पीआरपी 'औषधच नाही' असं कुणी म्हटलं की जरा खटकतं.

हातातून रक्त काढतात, साधारण २० ते ६० मिली. गोठू नये म्हणून सायट्रेटचं द्रावण मिसळतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये आधी हळू फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधे पांढऱ्या पेशींचा पातळ थर राहतो. वरचं काढून पुन्हा जोरात फिरवलं की प्लेटलेट तळाशी येतात. वरचा बराच प्लाझ्मा टाकून उरलेल्यात त्या ढवळल्या की पीआरपी तयार. चार-पाच मिली हाताला लागतं.

आता गंमत बघा. निरोगी माणसाच्या प्लेटलेट मायक्रोलीटरला दीड लाख ते साडेचार लाख यांच्यात कितीही असू शकतात. दीड लाखवाल्याचं आणि चार लाखवाल्याचं रक्त एकाच मशीनमध्ये तेवढाच वेळ फिरवलं तर शेवटचा माल सारखा निघेल का? उसाचा रस किती आटवला हे न विचारता गूळ घेतल्यासारखं आहे ते. चांगलं पीआरपी म्हणजे मूळ संख्येच्या तीन ते पाच पट, किंवा दहा लाखांच्या आसपास, असं साधारण धरतात. काही पद्धतींत पांढऱ्या पेशी ठेवतात, काहींत काढून टाकतात. त्यानंही फरक पडतो, कारण पांढऱ्या पेशी दाह वाढवू शकतात. डॉक्टरांना विचारा : फिरवायच्या आधीचा काउंट किती, नंतरचा किती, पांढऱ्या पेशी ठेवणार की काढणार? मोजतच नसतील तर कसला डोस देतायत ते त्यांनाही माहीत नाही.

दुसरं, अॅस्पिरिनसारख्या गोळ्या प्लेटलेटचं कामच थांबवतात. प्लेटलेटचं आयुष्य ८ ते १० दिवसांचं, म्हणून इंजेक्शनच्या आधी काही दिवस वेदनाशामक गोळ्या थांबवायला सांगतात आणि नंतरही काही दिवस देत नाहीत. पण हृदयासाठी चालू असलेलं अॅस्पिरिन स्वतःच्या मनानं कुणीही बंद करू नका.

सून_राजारामपुरीची
प्लेटलेट म्हटलं की मला डेंगीच आठवतो. सासूबाईंनी तेव्हा पपईच्या पाल्याचा रस पाजून पाजून सगळ्यांना हैराण केलं होतं. 🙂 त्यांचीच कंबर दुखते आता, वय ७१. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. हल्ली रात्री झोपेतून उठवण्याएवढं दुखतं, आणि वजनही उतरलंय जरा. त्यांना हे चालेल का?

फिजिओ_शाहूपुरी
ताई, पीआरपीचा विषय सध्या बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांना दाखवा. सीपीआर सरकारी रुग्णालयात न्या नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं, पण थांबू नका. या वयात रात्रीचं दुखणं आणि वजन उतरणं दोन्ही असेल तर मणक्याचा टीबी, गाठ, ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर हे सगळं आधी बघावं लागतं. ताप येतो का, पूर्वी कधी कॅन्सर झालाय का, हेही सांगा त्यांना. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना.

सून_राजारामपुरीची
उद्याच नेते. थँक्यू ताई.

कागदोपत्री
आता मूळ प्रश्न. अभ्यास काय म्हणतात ते जागेप्रमाणं सांगतो.

गादीत : २०१६ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांचा दुहेरी गुप्त पद्धतीचा (कुणाला पीआरपी दिलं आणि कुणाला नाही हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही) प्रयोग प्रसिद्ध झाला. ४७ रुग्ण होते. ८ आठवड्यांनंतर पीआरपीवाल्यांची हालचाल आणि काही वेदनामापनं सरस होती. पण ८ आठवड्यांनंतर दुसऱ्या गटालाही हवं असल्यास पीआरपी घ्यायची मुभा होती, त्यामुळं पुढची तुलना उरलीच नाही. मग २०२२ साली दुसरा प्रयोग आला, २६ रुग्णांचा, सलाइनशी तुलना. त्यात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही, आणि पीआरपीवाल्या एकाच्या मणक्यात जंतुसंसर्ग झाला.

हा संसर्ग हलक्यात घ्यायचा विषय नाही. मोठ्या माणसाच्या गादीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, आजूबाजूच्या हाडाच्या पृष्ठभागातून पाझरून तिला पोषण मिळतं. तिथं जंतू शिरला तर शरीराच्या पेशीही नीट पोचत नाहीत आणि अँटिबायोटिकही. आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध घ्यावं लागतं. 'आपलंच रक्त, काय वाईट होणार' याचं उत्तर हे आहे. रक्त आपलं असलं तरी सुई कातडीतून जाते, आणि कातडीवरचे जंतू बरोबर नेऊ शकते.

शिवाय गादीला टोचणं हेच निरुपद्रवी आहे का, हाही वाद आहे. तपासणीसाठी सुई घातलेल्या गाद्या दहा वर्षांनी जास्त झिजलेल्या आढळल्या, असं २००९ च्या एका अभ्यासात आलं होतं. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसं आढळलं नाही.

मणक्याच्या मागच्या बारीक सांध्यांत, ज्याला फॅसेट म्हणतात : २०१७ चा ४६ जणांचा चीनमधला प्रयोग. सुरुवातीला स्टेरॉइडवाले पुढं, सहा महिन्यांनी पीआरपीवाले पुढं.

एसआय जॉइंटमध्ये : हा आपल्याकडचाच, चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयाचा, २०१७. ४० रुग्ण, सोनोग्राफीखाली इंजेक्शन, अर्ध्यांना स्टेरॉइड, अर्ध्यांना पीआरपी. तीन महिन्यांनी पीआरपी गटात ९० टक्के लोकांना आराम टिकून होता, स्टेरॉइड गटात २५ टक्के.

लालमाती
बघा! मी काय म्हणत होतो. ९० टक्के!

कागदोपत्री
पैलवान, जरा दमानं. ४० म्हणजे एका गटात वीस माणसं. आणि तुलना स्टेरॉइडशी आहे, ज्याचा असर तसाही काही आठवड्यांत ओसरतो. नुसत्या सलाइनशी तुलना केली असती तर काय झालं असतं? गुडघ्याचं उदाहरण बघा. तिथं पीआरपी कितीतरी जास्त वापरलं जातं. २०२१ साली ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाइन. वर्षभरानंतर वेदनेच्या दहाच्या मापात पीआरपी गट २.१ नं सुधारला आणि सलाइन गट १.८ नं. नुसतं मिठाचं पाणी घेतलेलेसुद्धा सुधारलेच की! तुम्हाला गुण आला तो पीआरपीचा, वस्तादांच्या व्यायामाचा की काळाचा, हे तुमच्या एकट्यावरून कसं सांगणार?

लालमाती
ते काय मला माहीत नाही. मी परत मातीत उतरलो, एवढं मला माहीत हाय.

पांढरारस्सा
पैलवानाशी वाद नको, कागदोपत्री. चितपट व्हाल.

पॉलिसीकाका
पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. तीस वर्षं विमा क्षेत्रात काढली. दीड-दोन तासांत घरी सोडायचं इंजेक्शन मेडिक्लेममध्ये बसेल असं गृहीत धरू नका. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत 'सिद्ध न झालेले उपचार' अशी एक ओळ असते, बोट ठेवायला कंपनीला ती पुरते. आधी लेखी मंजुरी मागा. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. दोन-तीन इंजेक्शनं म्हणजे पन्नास हजार ते पाऊण लाख. कर्जानं घेतलेल्या मशीनचा हप्ता असेल तर हाही विचार करायचा असतो, उद्यमनगरकर.

उद्यमनगरकर
काका, हप्ता आहेच. 😅 म्हणूनच तर विचारतोय.

फिजिओ_शाहूपुरी
एक सांगायचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शन काढलं. व्यायाम, समजावून सांगणं, मसाज, मनाच्या अंगानं मदत, गरजेपुरत्या दाह कमी करणाऱ्या गोळ्या यांच्या बाजूनं ते आहे. आणि नेहमीसाठी नको म्हणून सांगितलंय त्यात कमरेचा पट्टा आहे, ट्रॅक्शन आहे. तेव्हा दादा, तो 'कायम असतोच' वाला पट्टा हळूहळू सोडा.

पांढरारस्सा
ट्रॅक्शन तर तुम्ही फिजिओवालेच लावता की ताई, वजनं लटकवून!

फिजिओ_शाहूपुरी
माझ्या क्लिनिकमध्ये ते टेबलच नाही. लोक येऊन विचारतात, 'ओढायचं मशीन कुठाय?' नाही म्हटलं की काही जण शेजारच्या गल्लीत जातात.

मी पीआरपीच्या विरोधात नाही, हे नीट वाचा. जागा नक्की झालेली असेल, नियमित व्यायाम काही महिने मनापासून करून झालेला असेल, सी-आर्म (चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) किंवा सोनोग्राफीखाली निर्जंतुक खोलीत देणार असतील, तर एसआय किंवा फॅसेटमध्ये करून बघायला हरकत नाही असं मला वाटतं. नुसत्या हातानं अंदाजानं दिलेली सुई एसआय जॉइंटच्या आत बहुतेकदा जातच नाही. पण 'गादी भरून येईल' असं आश्वासन देऊन सुकलेल्या गादीत टोचणं, तेही न तपासता, मला पटत नाही. तशी गादी पुन्हा भरून आल्याचं माणसांत कुणी नीट दाखवलेलं नाही.

रक्तपेढीतला
ताईंना दुजोरा. तयार पीआरपी ताजंच वापरायचं असतं. प्लेटलेट एकदा जाग्या झाल्या की त्यांच्यातले वाढीचे घटक बरेचसे तासाभरातच बाहेर पडतात. कुणी 'रक्त लॅबला पाठवू आणि उद्या टोचू' म्हणालं तर उठून या.

उद्यमनगरकर
मंडळी, उशिरा लिहितोय. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या.

दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एमआरआय शेवटी बघितला. आधी अर्धा तास मलाच वळवलं, दाबलं. पाचातल्या चार चाचण्यांत तेच दुखणं, तीच जागा. रक्त तपासलं, संधिवाताचं काही नाही. मग सी-आर्मखाली त्या सांध्यात फक्त भुलीचं औषध टाकलं आणि म्हणाले, आता जिना चढून या. चढलो. गाडीवर पाय टाकून बघितला. चार-पाच तास कंबर आपली नव्हेच असं वाटत होतं. संध्याकाळी परत ठणका. पण जागा सापडली. गाद्यांना हात लावायचं कारण नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

रक्तपेढीतले भाऊ, तुमचे प्रश्न विचारले. ते हसले, म्हणाले कुणी शिकवून पाठवलंय? आधीचा काउंट बघतात, नंतरचाही मोजून फाइलला लावतात, पांढऱ्या पेशी काढतात. पण लगेच घ्या म्हणाले नाहीत. तीन महिने व्यायाम, मशीनसमोर एक पाय आलटून पालटून ठेवायला लाकडी फळी, आणि मोटरसायकलची सीट बदलायची. नाहीच झालं तर एसआय जॉइंटमध्ये एकदा पीआरपी, गुण आला तरच पुढचं बोलू म्हणाले. पट्टा कपाटात टाकलाय. पहिला आठवडा त्याच्याशिवाय नागडं फिरल्यासारखं वाटलं.

बायको म्हणते फळीचे पैसे किती झाले ते पण लिहा. वर्कशॉपमधल्या भंगार पॅकिंगची केली, फुकट.

फिजिओ_शाहूपुरी
फळीची उंची वीतभर ठेवा, जास्त नको. आणि व्यायामात पार्श्वभागाच्या स्नायूंचे प्रकार आहेत ना? पाठीवर झोपून कंबर उचलायचा, कुशीवर झोपून गुडघा उघडायचा? तेच नेमकं कंटाळ्यानं सुटतं. पहिले काही दिवस दुखणं थोडं वाढलं तर घाबरून थांबू नका, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरतंय का बघा.

उद्यमनगरकर
दोन्ही आहेत ताई. पोरगी शेजारी बसून मोजते, सोडूच देत नाही.

सून_राजारामपुरीची
सासूबाईंचं निघालं हाडाचं. मणका दबलाय, ठिसूळपणामुळं. टीबी नाही, गाठ नाही. औषध सुरू झालंय. उद्यमनगरकर दादा, तुमच्या त्या दुसऱ्या डॉक्टरांचं नाव कळेल का? इथं नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लालमाती
मलापण. आमच्या तालमीतली दोन पोरं हायत कंबर धरून बसलेली.

उद्यमनगरकर
दोघांनाही व्यनि केलाय.